कंटेनरच्या वाटेवरचे देवमासे

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतची. हंगामात आमच्याकडच्या पॅकहाऊसमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. घड निवडून, पनेटमध्ये म्हणजे छोट्या प्लास्टिक डब्यांत भरून, आधी थंड करून द्राक्षे रिफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये चढतात आणि न्हावाशेवा बंदराला जातात. लासलगावचा कांदाही आखातात समुद्रमार्गेच जातो. त्या समुद्राशी आमचा संबंध आहे. तिथल्या देवमाशांना टॅग, म्हणजे नोंदी घेणारी छोटी यंत्रे, लावून त्यांचा अभ्यास व्हावा, म्हणून हे पत्र.

या पाण्यात ब्रायड्स जातीचे देवमासे आहेत, निळे देवमासे आहेत आणि हम्पबॅक म्हणजे कुबड्या देवमासेही. अरबी समुद्रातले हम्पबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने इथेच असतात. ओमानजवळ ते शंभराच्या आत उरल्याचा अंदाज आहे. २०१७ मध्ये तिथे लुबान नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला, तर ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. टॅग नसता तर हा प्रवास कोणाला कळला असता?

पण समुद्राच्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. पाठ वर आली तरच उपग्रहाला ठिकाण कळते. खाली काय चालले आहे ते नाही. त्यासाठी सक्शन कपचा टॅग असतो. छोट्या बोटीतून लांब काठीने तो देवमाशाच्या पाठीवर टेकवतात, रबरी कप घट्ट चिकटतात. खोली, शरीराचा कल, शेपटीचे फटके, भोवतालचा आवाज, सगळे नोंदले जाते. काही तासांनी टॅग सुटून तरंगतो आणि सिग्नलवरून शोधून आणतात. कातडीला छिद्र पाडावे लागत नाही.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या हौराकी आखातात ब्रायड्स देवमासे जहाजांच्या धडकेने मरत होते. टॅग लावल्यावर दिसले की ते ९१ टक्के वेळ जहाजाचा तळ पोहोचतो तेवढ्याच खोलीत असतात. २०१३ पासून जहाजांनी आपणहून वेग सुमारे १० नॉटवर (ताशी साधारण १८.५ किलोमीटर) आणला आणि असे मृत्यू खूप घटले. व्यापार चालूच राहिला, हे आम्हा निर्यातदारांना फार महत्त्वाचे वाटते.

मंत्रिमहोदय, हे काम आपल्या खात्याला नवखे नाही. २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर प्रथमा या कासविणीला उपग्रह टॅग लावला तेव्हा आपल्या खात्याचा कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था सोबत होत्या. २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेल्या देवमाशाच्या पिल्लासाठी लोक तासन् तास राबले, तरी ते वाचले नाही. किनाऱ्यावर आल्यावर धावतो, पण त्याआधी ते प्राणी कुठे नि कसे जगतात हे आपण शोधतच नाही.

देवमासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, त्यामुळे केंद्राची परवानगी लागेल. तो प्रस्ताव राज्याने पाठवावा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या ब्रायड्सपासून सक्शन कप टॅगने सुरुवात करावी, कोकणातल्या मच्छीमारांना पगारी सोबती करावे. पालघरचे वाढवण बंदर सुरू होऊन जहाजे वाढण्याआधी या नोंदी हाती हव्यात. युरोपला माल पाठवताना आम्ही प्लॉटची नोंदणी आणि औषधांच्या अवशेषांची तपासणी निमूटपणे करतो. उद्या आमच्या मालाच्या जहाजाला देवमाशांसाठी वेग कमी करावा लागला, तर त्यालाही माझी तयारी आहे.

पावसाळ्यानंतर समुद्र शांत होतो. त्याआधी प्रस्ताव जाणार का, एवढे कळवावे.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत