पाककृतीतले 'अर्धा किलो चिकन' नेमके कोणते?

संपादक महोदय,

वर्तमानपत्रांतल्या पाककृतींत साहित्याची यादी बहुतेक वेळा 'चिकन अर्धा किलो' एवढ्यावर आटोपते. हाडांसकट की बोनलेस, कातडीसह की सोललेले, मांडी की छाती, याचा पत्ता नसतो. घरखर्चाचा सगळा हिशेब नेमका तिथेच अडतो. आपल्या सदरात यापुढे भागाचे नाव आणि हाडांसकट व हाडांशिवाय अशी दोन्ही वजने छापावीत, ही विनंती. त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

कातडीसह साफ केलेली दीड किलोची अख्खी कोंबडी घेतली, तर हाडे व कातडी काढल्यावर ढोबळ मानाने ८०० ते ९०० ग्रॅम कच्चे मांस निघते. म्हणजे वजनाच्या ५३ ते ६० टक्के. नुसत्या मांड्या घेतल्या तर हे प्रमाण बरेच चांगले असते, तंगडीत त्याहून कमी आणि पंखांत निम्म्याच्या आसपास. म्हणून भाव विचारताना किलोचा दर या प्रमाणाने भागावा. बोनलेसचा दर १०० धरला आणि अख्ख्या कोंबडीचा ५०, तर ५० भागिले ०.५५ म्हणजे मांस ९१ च्या दराने पडले. वर हाडे आणि चरबी फुकट. पण अख्ख्या कोंबडीचा दर ६५ असेल तर तेच मांस ११८ ला पडते. तेव्हा हाडे वापरायची नसतील तर सरळ बोनलेस घ्यावे. 'अख्खी घेतली की स्वस्तच' हा समज दरवेळी खरा नसतो. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे हाडांसकट मांडी. मांस भरपूर, आणि शिजवताना पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही.

गोठवलेले चिकन घेताना पाकीट हलवून पाहावे. आत बर्फाचे मोठे खडे किंवा गुलाबी बर्फ साचलेला असेल तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता असते. लेबलवर मीठ-पाण्याचे द्रावण मिसळल्याचा उल्लेख असेल तर तेवढ्या पाण्यालाही आपण चिकनचाच दर मोजतो.

घरी तुकडे करणे वाटते तितके अवघड नाही. छोटी, धारदार सुरी लागते. जोर लागत नाही. मांडी आणि धड यांच्यामधली कातडी कापावी, मांडी बाहेरच्या बाजूला उलटी वाकवावी. सांध्याचा गोळा 'कट्' करून बाहेर येतो आणि सुरी त्याच फटीतून जाते. सुरी हाडावर अडली तर आपण सांध्यापासून जरासे बाजूला आहोत, एवढाच त्याचा अर्थ. तिथे ठोकाठोक केली की हाडाचे कण रश्शात येतात. मांडी आणि तंगडीच्या जोडावर आतल्या बाजूने चरबीची पांढरी रेघ दिसते, तिच्यावरून कापावे. छातीच्या मधल्या हाडाच्या एका बाजूने सुरी हाडाला घासत खाली नेली की मांस अख्खे सुटते. शेपटीच्या वरची पिवळसर तेलग्रंथी कापून टाकावी. कलेजीवर हिरवा डाग असेल तर तो पित्ताचा, तेवढा भाग काढावाच. नाहीतर अख्खे पातेले कडू होते.

उरलेले धड, मान आणि पंखांची टोके यांचे पाणी काढावे. अर्धा किलो हाडांना दीड लिटर गार पाणी, मीठ अजिबात नाही, कारण पुढे आटवल्यावर ते खारट होईल. उघड्या पातेल्यात मंद आचेवर अडीच-तीन तास. कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर बारीक आचेवर पाऊण तास, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. खळखळून उकळले की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि पाणी गढूळ होते. कलेजी यात घालू नये. गाळलेले पाणी फ्रिजमध्ये थरथरणाऱ्या जेलीसारखे जमले तर काम फत्ते. पातळच राहिले तर पाणी जास्त पडले किंवा वेळ कमी पडला. वर जमलेली चरबी काढून फोडणीला वापरता येते. मोठे पातेले तसेच गरम ठेवून दिले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवे असते. पसरट भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे.

आता शिजवणे. सगळे तुकडे एकदम पातेल्यात टाकणे, ही घरोघरची चूक. चिकन आतून ७४ अंश सेल्सियसला पोचले की खाण्यास सुरक्षित. छातीचे मांस याच्यापुढे गेले की वेगाने कोरडे पडते. मांडी-तंगडी मात्र ८० ते ८५ अंशांपर्यंत गेल्यावरच खरी मऊ होते, कारण तिच्यातल्या चिवट धाग्यांचे जिलेटिन व्हायला वेळ आणि उष्णता दोन्ही लागतात. म्हणून मांड्या आधी घालाव्यात आणि छातीचे तुकडे दहा-पंधरा मिनिटांनी. शिजताना साधारण पाव वजन पाण्याच्या रूपाने निघून जाते. जास्त शिजवले तर त्याहून अधिक, आणि ते वजन आपण विकतच घेतलेले असते. ही गळती कमी करायला मीठ उपयोगी पडते. किलोला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट लहान चमचे, रात्री चोळून फ्रिजमध्ये ठेवावे. आधी पाणी सुटते, मग ते मिठासह परत आत मुरते आणि शिजताना धरून राहते. सकाळी रश्शात पुन्हा मीठ घालताना हे लक्षात ठेवावे. छातीचे मांस लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर मात्र ठेवू नये, वरचा थर पिठूळ होतो.

परतताना कढई भरून टाकली की पाणी सुटते, तुकडे त्यातच उकडतात आणि खमंगपणा येतच नाही. दोन खेपांत परतावे. त्याआधी तुकडे कागदाने कोरडे टिपून घ्यावेत. नळाखाली धुणे टाळावे, हे अनेकांना पटत नाही. पण धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातात. ते मरतात शिजण्यानेच.

अंडी देऊन झालेली जुनी कोंबडी स्वस्त मिळाली तर घ्यावी, पण तिला कोवळ्या कोंबडीचा वेळ लावू नये. कुकरमध्ये ३५-४० मिनिटे तरी हवीत. तिचे हाडांचे पाणी मात्र कोवळ्या कोंबडीपेक्षा कितीतरी दाट येते.

साठवण: कच्चे चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, शिजवलेले तीन-चार दिवस. त्याहून जास्त ठेवायचे असेल तर खरेदीच्याच दिवशी एका वेळेपुरते भाग करून, पिशवीतली हवा काढून, चपटे पसरून उणे १८ अंशांवर गोठवावे. चपटे पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर ठेवले तर रात्रभरात वितळते. अख्ख्या कोंबडीला पूर्ण दिवस लागतो. गोठवलेल्या कोवळ्या कोंबडीच्या हाडांजवळ शिजवल्यावर काळपट-तांबडे डाग दिसतात. तो हाडातल्या मज्जेचा रंग झिरपलेला असतो, मांस खराब नसते. मांसाला आंबूस वास आणि हाताला बुळबुळीतपणा जाणवला, तर मात्र मसाल्याखाली झाकून खपवण्याच्या भानगडीत पडू नये.

आपला,
एक वाचक