घरी बनवलेल्या प्रेसचे बोल्ट वजनावर घेऊ नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उसाचा गाळप हंगाम जवळ आला की सांगली-मिरजेपासून तासगाव-पलूसपर्यंतच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची बेअरिंगे आणि बुश काढण्या-बसवण्याचे काम एकदम वाढते. हे भाग दाबून काढणारा-बसवणारा तयार हायड्रॉलिक प्रेस सगळ्यांना परवडत नाही, म्हणून आमच्यापैकी अनेकांनी चॅनेलची, म्हणजे पन्हळीसारख्या लोखंडी तुळयांची, फ्रेम उभी करून आणि तिच्यात 20 टनी बॉटल जॅक बसवून तो घरीच तयार केला आहे. त्यात गैर काही नाही; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून या भागाला यंत्र स्वतः घडवण्याची सवय आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की जॅक, चॅनेल आणि वेल्डिंग यांचा आपण चार-चार दिवस विचार करतो आणि ज्या बोल्टवर सगळा भार येतो, ते मात्र दुकानातून किलोवर उचलून आणतो.

गेल्या वर्षी माझ्याच वर्कशॉपमध्ये ट्रॉलीच्या हबमध्ये गंजून बसलेले बेअरिंग दाबत असताना वरच्या आडव्या चॅनेलचा एक बोल्ट कडाडून तुटला आणि त्याचा तुकडा समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळला. जॅकचा दांडा मारणारा मुलगा बाजूला उभा होता म्हणून निभावले. उरलेले तीन बोल्ट काढून पाहिले, तेव्हा दोन चॅनेल एकमेकांना टेकतात नेमक्या त्या जागी प्रत्येकाला नखाला लागेल एवढी पायरी पडली होती आणि भोकेही लंबगोल झाली होती. बोल्टच्या डोक्यावर एकही आकडा नव्हता. दुकानदाराने ते ‘हाय टेन्सिल’ म्हणून दिले होते आणि मीही डोके न बघता पैसे दिले होते.

हिशोब अवघड नाही. डोक्यावर 8.8 लिहिलेले असेल, तर तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही आणि त्याच्या 80 टक्के, म्हणजे 640 न्यूटनपर्यंत कायमचा लांबत नाही. साध्या 4.6 बोल्टचे हेच आकडे 400 आणि 240 आहेत. पण अशा प्रेसच्या फ्रेममध्ये बोल्ट बहुधा ओढला जात नाही, तो दोन चॅनेलच्या मध्ये कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो, आणि कापले जाण्याचे बळ तुटण्याच्या बळाच्या सुमारे 60 टक्केच धरावे लागते. त्यातही कापण्याच्या जागी आटे आले, तर 16 मिलिमीटरच्या बोल्टचे कामाचे क्षेत्रफळ 201 वरून 157 चौरस मिलिमीटरवर येते. म्हणजे फुल थ्रेडचा, दांड्यावर शेवटपर्यंत आटे असलेला, साधा 16 चा बोल्ट जेमतेम पावणेचार टनांवर तुटतो, आणि तसे चार लावले तरी बेरीज 15 टन होते. खाली जॅक मात्र 20 टनांचा!

तेच चार बोल्ट 8.8 चे आणि कापण्याच्या जागी कोरा दांडा येईल असे हाफ थ्रेडचे घेतले, तर मर्यादा 39 टनांच्या आसपास जाते. 20 मिलिमीटरचे घेतले तर 60 टनांच्या. मी हल्ली 20 चेच लावतो, कारण हाताने मारलेली भोके कधीच तंतोतंत जुळत नाहीत, चारही बोल्ट भार सारखा वाटून घेत नाहीत आणि एकट्यावर निम्म्याहून अधिक ओझे येऊ शकते. बोल्ट चांगला असूनही चॅनेलचा पत्रा पातळ असेल तर भोकच फाटते, म्हणून त्या जागी जाड प्लेट वेल्ड करून घ्यावी. प्लेट वेल्ड करावी, बोल्ट नव्हे. नट फिरू नये म्हणून बोल्टच्या डोक्याला टाका मारण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण 8.8 चे बळ उष्णता प्रक्रियेतून आलेले असते आणि त्या एका टाक्याच्या उष्णतेने ते जाते. 12.9 चे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) अधिक बळकट असतात हे खरे, पण साधा बोल्ट तुटण्याआधी वाकून इशारा देतो, तसा ते फारसा देत नाहीत. त्यामुळे आकडा मोठा म्हणून डोळे झाकून तेच घेणे मला पटत नाही. आटे पाडलेली लांब सळई कापून बोल्टऐवजी वापरणे तर पूर्णपणे टाळावे.

भारतीय मानक 1367 मध्ये बोल्टचे हे वर्ग ठरवून दिलेले आहेत. तेव्हा जिल्ह्यातील हार्डवेअर दुकानदारांना माझी विनंती आहे, की खुणेचे आणि बिनखुणेचे बोल्ट एकाच पोत्यात ठेवू नयेत आणि बिलावर नुसते ‘बोल्ट, इतके किलो’ न लिहिता व्यास आणि वर्ग लिहावा. आयटीआयच्या फिटर आणि टर्नर शाखांच्या शिक्षकांनी एखाद्या तासाला मुलांना तुटलेला बोल्ट हातात देऊन ही पायरी दाखवावी. वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या बांधवांनी यंदा खंडेनवमीला प्रेसला हार घालण्याआधी वरच्या चॅनेलचा निदान एक बोल्ट काढून त्याचे डोके आणि दांडा नीट पाहावा. पायरी दिसली, तर चारही बदलावेत.

आपला नम्र,
एक लेथ वर्कशॉपधारक,
कुपवाड, जि. सांगली