पोपट आमच्या घरात आहे

महोदय,

मंगळवारच्या अंकातलं कॉल सेंटरवरचं स्फुट वाचलं. लेखकमहाशयांना पंचवीस मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकावं लागलं आणि वर एका 'निर्ढावलेल्या पोरीची पोपटपंची' ऐकावी लागली. त्रास झाला असणार, मान्य. पण पोपटाला पढवतं कोण, एवढं विचारायला स्फुटात जागा उरली नसावी.

त्यातला एक पोपट आमच्या घरात आहे. माझी सून खराडीला एका बँकेच्या कॉल सेंटरवर बसते. बँकेने काम दिलंय एका कंपनीला, कंपनीने पोरी घेतल्यात तिसऱ्याच एजन्सीकडून. दिवसभर बोलायचं बँकेच्या नावाने, पगाराची चिठ्ठी एजन्सीची.

गेल्या महिन्यात तिला साताऱ्याकडच्या एका आजोबांचा फोन आला. न मागितलेल्या विम्याचा हप्ता खात्यातून कापलेला. ही त्यांची चौथी खेप, दर खेपेला नवा तक्रार क्रमांक. बोलता बोलता म्हातारा रडायला लागला. सुनेला राहवलं नाही. म्हणाली, "आजोबा, इथे फोन करून काही होणार नाही. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा."

रेकॉर्ड झालेले कॉल तपासून मार्क देणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी नेमका तोच कॉल ऐकला. शेरा 'फेटल', म्हणजे शंभरपैकी शून्य. स्क्रिप्ट सोडून बोलली, आणि पाच मिनिटांत आटपायचा कॉल चौदा मिनिटं लांबवला. महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. आजोबांच्या गळ्यात तो विमा ज्याने मारला, त्याला कोणता शेरा मिळाला, हे विचारायला मात्र कुठला टोल-फ्री क्रमांक नाही.

मी स्वतः टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर गेली, कॉल बुक करायला 180 फिरवणाऱ्यांच्या शिव्या कानाला हेडफोन लावून खाल्ल्या आहेत. आमची सेवा फार गोड होती असं मी म्हणणार नाही. बारशाचा निरोप कधीकधी पोर रांगायला लागल्यावर पोचायचा! पण ग्राहक फारच पेटला की मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरबाई स्वतः लाइनवर येत, नाव सांगून बोलत. बाथरूमला जायचं तर शेजारणीला खूण केली की झालं. सुनेच्या स्क्रीनवर त्याचीही मिनिटं पडतात. नऊ तासांत सगळे ब्रेक मिळून एक तास. दोन मिनिटं वर गेली की टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा, मेसेज. आणि आमच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये दुकाने व आस्थापनांतल्या नऊ तासांचे दहा करायला मंजुरी दिली. त्यावर एखादं स्फुट आल्याचं मला तरी आठवत नाही.

लेखकमहाशयांनी पुढच्या वेळी त्या पोरीवर डाफरण्याआधी कॉल रेकॉर्ड होतोय एवढं ध्यानात ठेवावं. मार्क तिचे कापले जातात, त्यांचे नाही.

जाता जाता. तीन रविवार झाले, पुरवणी येत नाही. पेपरवाला म्हणतो, वरूनच येत नाही. आपल्या अंकावर छापलेल्या क्रमांकावर फोन केला. एक मुलगी फार अदबीने बोलली, तक्रार क्रमांकही दिला. कुठून बोलतेस विचारलं तर म्हणाली, इंदूरहून. तिला काही बोलू नका. पुरवणी तेवढी पाठवा.

आपली,
एक सेवानिवृत्त ऑपरेटर, येरवडा, पुणे