दमणगंगेच्या काठी मुलांना न्यायचं आहे, हातभार लावा

बडोदेकर बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात मुलांना नदीचं चित्र काढायला सांगितलं होतं. बहुतेकांनी मगर काढली. दोघांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेलं पाणी काढलं. नवल नाही. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर या मुलांनी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पाहिला आहे. पण नदीवर माणसं पोट भरतात, तिच्या पाण्याची वेळ बघून दिवस आखतात, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. ते दाखवायला येत्या जानेवारीत १० ते १४ वर्षांच्या ३६ मुलांना दोन दिवस दमणला न्यायचं ठरवलं आहे.

दमणचं नाव काढताच काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा बडोद्याहून लोक तिकडे कशाला जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट सांगतो : देवका आणि जामपोरच्या किनाऱ्यांवरच्या गर्दीकडे आपण फिरकणारही नाही. मुलं राहतील ती नदीकडच्या शांत बाजूला.

आमच्यातले तिघे गेल्या हिवाळ्यात ही बाजू पाहून आले. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगवलेली दमणगंगा इथे समुद्राला मिळते. उत्तरेला नानी दमण, दक्षिणेला मोटी दमण. सकाळी ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि खलाशी जाळी सांधत बसले होते. दुपारी त्याच होड्या भरल्या पाण्यावर डुलत होत्या. भरतीच्या वेळी नदी उलटी, डोंगराकडे सरकताना दिसते. हे पुस्तक वाचून कळत नाही, एका जागी सहा तास बसावं लागतं. मुलांना आपण तसंच बसवणार आहोत. पाणी कुठवर आलं ते दर तासाला त्यांनी वहीत टिपायचं. चढलेलं पाणी उतरतंही, आणि कधी उतरणार ते होडी चालवणाऱ्या टंडेलाला आधीच माहीत असतं, एवढं जरी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तरी आम्हाला पुष्कळ आहे.

नानी दमणला नदीकडे तोंड करून सेंट जेरोमचा किल्ला उभा आहे. पूल ओलांडला की मोटी दमणचा मोठा किल्ला, आत दीपगृह. १५५९ ते १९६१ इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. याच नदीच्या वरच्या अंगाला सिल्वासा आहे. ते २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झालं, आणि त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतही उतरले होते. ज्यांच्या घरात त्या लढ्याच्या आठवणी असतील, त्यांनी रात्रीच्या गोष्टींसाठी आमच्याबरोबर जरूर यावं.

आता पैशांचं. वापीपर्यंत रेल्वे, पुढे बस, राहणं आणि जेवण धरून दर मुलामागे १,८०० रुपये लागतील. पालक ६०० देणार आहेत. ९ घरांना तेही जड आहेत. पुरात त्यांचं सामान गेलं, ते अजून पुरतं उभं राहिलेलं नाही. सगळं मिळून आपल्याला ४८,६०० रुपये जमवायचे आहेत. बरोबर जाणारे कार्यकर्ते आपापला खर्च स्वतः करतील.

एक डॉक्टर किंवा नर्स आणि दोन स्वयंसेविका सोबत हव्या आहेत. घरात दुर्बीण पडून असेल तर दोन दिवसांसाठी द्या, जशीच्या तशी परत मिळेल. लाइफ जॅकेटंही उसनी हवीत. ती सर्वांना पुरतील एवढी मिळाली नाहीत, तर एकही मूल होडीत चढणार नाही.

पाच रुपये दिले तरी पावती मिळेल, आणि परत आल्यावर आठ दिवसांत पूर्ण हिशोब मंडळाच्या फळ्यावर लागेल. दांडिया बाजारातल्या आमच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ कोणीतरी असतंच. रेल्वेची तिकिटं काढायची असल्याने मदत ३० नोव्हेंबरच्या आत पोचवावी, ही विनंती.