ते कपड्यांचे नव्हे, कापडाचे दुकान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारगावांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. गल्ल्या आणि चौकांचे वर्णन उत्तम आहे. मात्र सतराव्या शतकातल्या दुकानात ‘ओळीने टांगलेले झगे आणि कोट’ दाखवले आहेत, तिथे गडबड झाली आहे. त्या काळी कपडे टांगलेले दिसलेच असते, तर ते बहुधा जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे. मोजे, हातमोजे, टोप्या अशा वस्तू तयार मिळत. विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र 1589 मध्येच बनवले होते. अंगावरचा कोट मात्र गिऱ्हाईक तुकड्यातुकड्यांनी जमवत असे. कापडवाल्याकडून लोकरीचे कापड, अस्तर, बटणे आणि दोरा घ्यायचा आणि सगळे गाठोडे शिंप्याकडे न्यायचे. शिंपी फक्त शिलाई घ्यायचा. शिवाय उरलेल्या चिंध्या त्याच्याच. या चिंध्यांना इंग्रज शिंपी ‘कोबी’ म्हणत. कोट बेतताना कोबी किती पिकवायचा, यावरून गिऱ्हाईक आणि शिंपी यांच्यात कायम संशय असे.

म्हणून त्या दुकानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू होती मोजपट्टी. लेखात तिचा उल्लेखही नाही. कापड मोजायचे ‘एल’ हे माप एकच नव्हते: इंग्लिश एल 45 इंचांचा, फ्लेमिश 27 इंचांचा, स्कॉटिश सुमारे 37 इंचांचा, आणि वार 36 इंचांचा. नेदरलँड्सकडून आलेल्या लिननचा भाव फ्लेमिश एलने सांगितला आणि गिऱ्हाइकाने तो इंग्लिश समजला, तर 10 एलमध्ये साडेबारा वारांऐवजी साडेसात वारच पदरात पडत. यात खोटे बोलायचीही गरज नव्हती, कोणता एल ते न सांगितले की पुरे. या भांडणांवर उपाय म्हणून माप उघड्यावर लावून ठेवत. स्कॉटलंडमधल्या डन्केल्ड गावात 1706 सालची लोखंडी एल पट्टी आजही एका घराच्या भिंतीवर आहे. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दाराशेजारी तर दोन पट्ट्या आहेत: लोकरीच्या कापडासाठी सुमारे 77.6 सेंटिमीटरची आणि लिननसाठी 89.6 सेंटिमीटरची.

लांबीइतकाच पन्हाही महत्त्वाचा. पन्हा ठरलेला नसेल तर वाराच्या भावाला काही अर्थ नाही, हे आजही पडद्याचे कापड घेणाऱ्याला कळते. 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाला बांधून घालणाऱ्या सनदेत, राजाच्या अधिकारांची चर्चा चालू असताना 35 वे कलम मध्येच कापडाच्या पन्ह्यावर येते: दोन्ही काठांच्या आत दोन एल. त्याआधी इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच्या काळातल्या मापांविषयीच्या हुकमात आणखी मजेशीर बंदी आहे. दुकानासमोर लाल किंवा काळी कापडे टांगू नयेत, कारण त्यामुळे गिऱ्हाइकाची नजर फसते. रंगीत कापडातून गाळून आलेल्या उजेडात मळकट किंवा विटका रंगही खपून जातो. जाणते गिऱ्हाईक म्हणूनच तागा दाराबाहेर नेऊन पाही.

खरी फसवणूक मात्र पाण्यात उघडी पडे. लोकरीचे कापड मागावरून उतरले की ते ओले करून, विशिष्ट माती लावून कुटत. त्याने तेलकटपणा जाई, कापड आटे आणि वीण घट्ट होई. मग ते लांब लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवत. पन्हा सरळ करण्यापुरता ताण योग्यच. पण त्याहून जास्त ओढले की दर ताग्यामागे थोडी लांबी फुकटात मिळे. हे कापड कोरडे असेपर्यंत निमूट राही. पहिल्या पावसात ते मूळ मापावर परत येई: बाही मनगटाच्या वर सरके आणि लिननचे अस्तर तेवढे आटत नसल्याने घेराखालून डोकावू लागे. म्हणून चांगला शिंपी कापड बेतण्याआधी ओलसर करून, आटवून घेत असे. ही पायरी गाळली तर शिलाई कितीही सुबक असो, कोट वाया. तपासलेल्या ताग्याच्या काठाला शिशाचे सील लावत, त्याचा हेतूही माप आणि दर्जा यांची खात्री हाच.

आणखी एक खुबी लव आलेल्या कापडाची. लव नेहमी खालच्या दिशेने यावी लागते. कापड वाचवण्यासाठी एखादी बाही उलटी बेतली, तर तीच बाही वेगळ्या रंगाची वाटते. माप घेण्यासाठी इंचांची फीत नव्हती. कागदाची किंवा चर्मपत्राची लांब पट्टी घेऊन छाती, बाही, पाठ अशा प्रत्येक मापाला तिच्या कडेला खाच पाडत. पट्टी त्या गिऱ्हाइकाची म्हणून जपून ठेवत.

आतले कपडे बहुतेक घरीच शिवत, आणि त्यांची बेतणी पाहण्यासारखी होती. सदऱ्याला साधारण 3 ते साडेतीन वार लिनन लागे आणि त्यात गोलाई जवळजवळ नव्हतीच, सगळे चौकोन आणि आयत. कापायच्या जागी एक धागा ओढून काढायचा आणि उरलेल्या फटीवरून कात्री चालवायची, की रेघ नेमकी सरळ येते. बगलेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवत. तो लहान पडला तर हात वर करताना शिवण उसवे. घाम आणि ताण दोन्ही तिथेच, म्हणून तो फाटला की तेवढाच बदलता येई. कपड्यावर लाल दोऱ्याने आद्याक्षरे आणि क्रमांक भरत, म्हणजे धुण्यात अदलाबदल होत नसे. धुणे राखेच्या पाण्याचे. आधी कोमट, मग हळूहळू गरम. सुरुवातीलाच उकळते पाणी ओतले तर रक्ताचे डाग कायमचे बसतात. हेच राखेचे पाणी लोकरीला घातक. त्यामुळे कोट धूत नसत, ब्रशने झाडत. अंगाला लागणारा सदरा तेवढा बदलायचा.

पैशांच्या व्यवहाराबद्दल लेखात ‘रोखीचा बाजार’ म्हटले आहे. पण सुट्या नाण्यांची इतकी टंचाई होती की 1648 ते 1672 या काळात छोट्या गावांतल्या दुकानदारांनी स्वतःची तांब्या-पितळेची टोकन पाडली. त्यांवर दुकानदाराचे नाव, गावाचे नाव आणि धंद्याचे चिन्ह असे. 1672 मध्ये राजाने तांब्याचे फार्दिंग (पाव पेनीचे नाणे) काढले आणि ही टोकन बंद केली. बाकी सगळी उधारी. दारोदार फिरणाऱ्या फेरीवाल्यांवर दुकानदार चिडून असत. 1697 च्या कायद्याने पायी फिरणाऱ्याला वर्षाला 4 पौंड परवाना शुल्क आणि ओझ्याच्या प्रत्येक जनावरामागे आणखी 4 पौंड लावले.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा मुद्दा लेखात आलाच नाही, याचे आश्चर्य वाटले. भारतातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने लोकरवाले हैराण झाले होते. 1721 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये असे कापड वापरायलाही मनाई झाली, आणि ती 1774 पर्यंत टिकली. फ्रान्समध्ये 1686 ते 1759 बंदी होती. छापील सुताचा रंग पाण्यात टिकत होता आणि ते घरी धुता येत होते. लोकरीला यातले धुणेच जमत नव्हते.

आता लेखासोबतच्या चित्राबद्दल. चित्रकाराला टांगलेला कोट दाखवायचाच असेल, तर तो जुन्या कपड्यांच्या दुकानात टांगावा आणि ‘उलटलेला’ दाखवावा. कोटाची बाहेरची बाजू विटली की सगळ्या शिवणी उसवून आतली बाजू बाहेर घेत आणि कोट पुन्हा शिवत. कापड दोन्हीकडून सारखे असल्याने कोट नवा वाटे. गुपित फोडत ती बटणांची काजी. ती आता विरुद्ध बाजूला आलेली असत, आणि जुनी काजी रफू करून बुजवली तरी कडेला बारीक व्रण राहत. गिऱ्हाईक आधी तिथेच बोट फिरवी.

आपला,
एक नियमित वाचक