लडलोला जाताना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांनी परवा फोनवर विचारलं, "लंडनच्या कुशीतला विंडसरचा किल्ला सोडून तीन तासांवरच्या लडलो गावचा किल्ला कशाला?" फोनवर उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून हे पत्र. छापून आईच्या पर्समध्ये ठेवा. बुधवार ते शुक्रवार तुम्ही दोघंच असाल, तेव्हा उपयोगी पडेल.

विंडसर म्हणजे नांदता राजवाडा. रांग, तपासणी, दोरीच्या अलीकडून बघायचं आणि पुढे सरकायचं. लडलोचा किल्ला सव्वातीनशे वर्षं ओसाड आहे. छपरं गेली, तक्तपोशी गेली, उरलं ते दगडी हाडकाम. त्यामुळे किल्ला बांधला कसा हे उघड्या डोळ्यांनी कळतं. गावही आटोपशीर आहे. दहा-अकरा हजार वस्ती, जुना भाग तटाच्या आत, आणि किल्ल्यापासून चर्च रमतगमत पाच मिनिटांवर.

आधी गाडीचं. तुम्हा दोघांसाठी 'टू टुगेदर' रेलकार्ड काढून ठेवते. ज्येष्ठांचं कार्ड प्रत्येकाला वेगळं घ्यावं लागतं, हे एकच ३५ पौंडांत दोघांना चालतं आणि तिकिटावर तिसरा हिस्सा सूट मिळते. अटी दोन. दोघांनी बरोबरच प्रवास करायचा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. म्हणून गाडी दहाच्या सुमाराची घेऊ. लंडनच्या यूस्टन स्टेशनवर फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो आणि मग सगळे पळत सुटतात. तुम्ही पळू नका. तिकिटावर डबा आणि आसन लिहिलेलं असेल, ते कुठे जात नाही.

क्रू स्टेशनवर गाडी बदलायची. तिथे लोक हटकून फसतात, कारण ते पाटीवर 'लडलो' शोधत बसतात. लडलो हे मधलं स्टेशन आहे. पाटीवर कार्डिफ किंवा त्याच्याही पुढचं वेल्समधलं गाव असतं, मधल्या थांब्यांच्या यादीत श्रूझबरीनंतर लडलो दिसलं की तीच गाडी. डबे बहुधा थोडेच असतात, फलाटाच्या टोकाला उभं राहू नका. आणि दार आपोआप उघडत नाही. दिवा लागला की बटण दाबावं लागतं. उतरताना बाबा दारापाशी वाट पाहत उभे राहिले, तर पुढच्या स्टेशनला पोहोचाल!

पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर घाबरू नका. तिकीट सलग काढलेलं असल्यामुळे पुढच्या गाडीने जाता येतं, फक्त आधी फलाटावरच्या माणसाला तिकीट दाखवा. चहा पीत बसल्यामुळे गाडी चुकली, तर मात्र नवं तिकीट काढावं लागेल.

स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत अंतर किलोमीटरभरच, पण सगळा चढ. बॅगा घेऊन चालू नका, टॅक्सी करा. राहायची खोली तटाच्या आतल्या जुन्या घरात घेतेय. अशा घरांना लिफ्ट नसते, जिने अरुंद, जमीन एका बाजूला कललेली आणि तुळया कपाळाच्या उंचीवर. म्हणून तळमजल्याचीच मागितली आहे. खोली दुपारी तीन-चारच्या आधी मिळणार नाही, पण सामान आधी ठेवून घेतात.

आता किल्ला. तो गुरुवारी बघा. बुधवार-शुक्रवार दारासमोरच्या चौकात बाजार भरतो, गुरुवारी तो नेहमीचा बाजार नसतो आणि दहाला दार उघडतं तेव्हा गर्दी नसते. तिकीट दारावरच घ्या. हा किल्ला खासगी मालकीचा आहे, त्यामुळे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या 'इंग्लिश हेरिटेज' संस्थेचा परदेशी पाहुण्यांचा पास इथे चालत नाही. तो पास सगळीकडे चालेल असं समजून आलेले लोक दारावर हिरमुसतात.

आत शिरलात की समोर मोठं हिरवं मैदान लागेल. ती बाहेरची माची. तिथे बसा आणि आधी जागा समजून घ्या. उत्तरेला आणि पश्चिमेला कडा आहे, खाली टीम नदी. त्या बाजूंना निसर्गाने काम केलंय. पूर्व-दक्षिणेला सपाटी, म्हणून तिकडे खडक फोडून खंदक काढला आणि निघालेला दगड तटाला वापरला. आपल्या राजगड-रायगडाची रीत याहून वेगळी नाही.

खंदकावरच्या दगडी पुलावरून बालेकिल्ल्यात जायचं. पुलाच्या अलीकडे थांबून डाव्या हाताचा चौकोनी बुरूज बघा. अकराव्या शतकाच्या अखेरीला द लेसी घराण्याने किल्ला बांधायला घेतला तेव्हा तो बुरूज नव्हता, महादरवाजा होता. पुढे दरवाजा बुजवला, वर मजले चढवले आणि शेजारून नवी वाट पाडली. नीट पाहिलं तर भिंतीत बुजवलेल्या कमानीची रेघ सापडते, चिऱ्यांचे थर तिथे जुळत नाहीत. दरवाजा हीच किल्ल्याची दुबळी जागा, म्हणून ती बुजवून सगळ्यात भक्कम केली. बाबा, विजयदुर्गाच्या देवडीत तुम्ही आम्हाला जे समजावायचात, तेच इथे उलटं करून ठेवलंय.

उजव्या हाताच्या इमारतीच्या प्रवेशावर १५८१ साल आणि राणी पहिल्या एलिझाबेथचं चिन्ह कोरलंय. न्यायाधीशांची राहायची जागा ती. तेव्हा हा किल्ला वेल्स आणि सरहद्दीचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलचं मुख्य ठाणं होता. १६८९ला कौन्सिल बरखास्त झालं आणि किल्ल्याला वाली उरला नाही. छपरावरचं शिसं काढून नेलं, की पाणी मुरतं, तुळया कुजतात, मजले कोसळतात. समोरच्या दालनांच्या भिंतींवर एकावर एक शेगड्या अधांतरी लटकलेल्या दिसतील, खाली जमीन नाही नि वर छत नाही. शेगडीखालची चौकोनी भोकांची रांग म्हणजे तुळयांची खोबणी. भोकांच्या रांगा मोजा, मजले किती ते समजतं. भिंतीच्या जाडीत अरुंद कोनाडा आणि खाली सरळ भोक दिसलं, तर तो शौचकूप. आई, हसू नकोस, आपल्याकडेही ते असंच खाली कड्यावर सोडलंय.

चौकाच्या मधोमध गोल देऊळ असावं तशी एक इमारत आहे. ते बाराव्या शतकातलं मेरी मॅग्डलीनचं प्रार्थनाघर. इंग्लंडात गोल चर्चं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि किल्ल्याच्या पोटात तर फारच दुर्मीळ. दाराच्या कमानीवर नागमोडी नक्षीचे पट्टे आहेत. आत भिंतीला लागून बुटक्या कमानींची रांग फिरते, एक साधी, एक कोरीव. पूर्वेकडचा भाग पडून गेलाय, जमिनीवर त्याच्या खुणा आहेत. इथे घाई करू नका. अख्ख्या किल्ल्यातली सगळ्यात देखणी जागा हीच.

याच किल्ल्यात चौथ्या एडवर्डचा मुलगा १४७३ पासून वाढला. १४८३मध्ये बाप गेल्याची बातमी इथेच पोहोचली, पोर लंडनला निघालं आणि तिथल्या टॉवर किल्ल्यात धाकट्या भावासकट नाहीसं झालं. पुढे १५०२च्या २ एप्रिलला सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर पंधराव्या वर्षी इथेच वारला. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. त्याची विधवा कॅथरीन धाकट्या दिराची बायको झाली. तो दीर म्हणजे आठवा हेन्री. त्या घटस्फोटाचं रामायण बाबांना पाठ आहे, मी काय सांगू.

मला लडलो सुचायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. शाळेत आपण क्लाईव्ह शिकलो तो प्लासीचा, १७५७चा. त्याआधी, फेब्रुवारी १७५६मध्ये, तो विजयदुर्गासमोर होता. आरमार इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं, जमिनीवरची फौज क्लाईव्हची, आणि पेशव्यांचीही त्याला साथ. तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळली आणि किल्ला पडला. तो क्लाईव्ह याच श्रॉपशर परगण्याचा. त्याचा मुलगा एडवर्ड वीस वर्षं लडलोतून पार्लमेंटवर होता, नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं ते त्याच्याच कारकिर्दीत. पुढे तो अर्ल ऑफ पोविस झाला आणि १८११मध्ये त्याने हा पडका किल्ला सरकारकडून १,५६० पौंडांना विकत घेतला. मालकी आजही पोविस इस्टेटीकडे आहे. बापाने विजयदुर्ग घेतला, लेकाने लडलो. किल्ल्यातल्या पाट्यांवर विजयदुर्ग शोधू नका. तो तुम्हीच मनात घेऊन जा.

वर चढायचं का? मोठ्या बुरुजावरून गाव, नदी आणि पलीकडच्या टेकड्या छान दिसतात, पण जिना गोल, पायऱ्या झिजलेल्या आणि कमी-जास्त उंचीच्या. पायरी बाहेरच्या भिंतीकडे रुंद आणि मधल्या खांबाकडे चिंचोळी असते, म्हणून पाय बाहेरच्या बाजूला ठेवा. समोरून कोणी आलं, तर वर जाणारा थांबतो की खाली येणारा, असा नियम नाही. आवाज द्या आणि भिंतीला चिकटून उभे राहा. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, हे चढतानाच लक्षात घ्या. दगड ओला असेल तर जाऊच नका, शेवाळावरून रबरी तळवाही घसरतो. आईने वर नाही गेलं तरी काही बुडत नाही. बघायचं ते सगळं खालीच आहे.

जेवायला साडेबाराला बसा. अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि मग केक-चहावर भागवावं लागतं. चहाची दुकानंही चार-साडेचारला खुर्च्या उचलायला लागतात. आई, बाजारात चीज घेतलंस तर 'व्हेजिटेरियन रेनेट' आहे का विचार, कारण बरीच जुनी चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. विचारलेलं कोणाला वावगं वाटत नाही. तिथे 'श्रॉपशर ब्लू' नावाचं केशरी चीजही दिसेल, पण ते पहिल्यांदा बनलं स्कॉटलंडात. नाव श्रॉपशरचं, जन्म भलतीकडचा.

दुपारी सेंट लॉरेन्सचं चर्च. मनोऱ्याला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तो सोडा. आत पुढच्या भागात गायकांच्या लाकडी खुर्च्या बघा. प्रार्थना उभ्यानेच म्हणायची असे, तासन्‌तास. म्हाताऱ्या पाद्र्यांचे पाय भरून येत. म्हणून खुर्चीची फळी बिजागरीवर वर उचलली की तिच्या खालच्या अंगाला टेकायपुरता छोटा कट्टा निघे. दिसायला उभे, पण टेकलेले. त्या कट्ट्याखाली सुतारांनी मनाला येईल ते कोरलंय. अशा २८ खुर्च्या आहेत. त्यातल्या एकीवर मापात मारणाऱ्या बिअरवालीला भूत खांद्यावर टाकून नरकात नेतंय, हातात तिचं खोटं माप तसंच. फळ्या स्वतः उचलू नका, तिथल्या स्वयंसेवकाला विचारा, हौसेने दाखवतात.

मग बटरक्रॉस नावाच्या जुन्या इमारतीपाशी येऊन ब्रॉड स्ट्रीट उतरा. घरं विटांची आणि नीटनेटकी दिसतात, पण त्यातली बरीच पुढूनच तशी. मागे जुनी लाकडी चौकट तशीच आहे. खिडक्यांची फॅशन बदलली तेव्हा लोकांनी विटांचा मुखवटा चढवला. तळाशी ब्रॉडगेट, गावाच्या वेशींपैकी उरलेली एकुलती एक. तिच्यातून जाऊन नदीच्या पुलापर्यंत चालत जा, येताना मात्र टॅक्सी बोलवा. हा चढ दिसतो त्यापेक्षा दमवतो.

शुक्रवारी परतीच्या वाटेवर वेळ असेल तर क्रेव्हन आर्म्सला उतरा, लडलोपासून गाडीने दहा मिनिटांच्या आत. तिथून टॅक्सीने स्टोकसे. लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेली ही गढी. तटबंदीची परवानगी त्याला १२९१मध्ये मिळाली आणि १२९४मध्ये लोकरीच्या जहाजासकट तो बुडाला. दिवाणखान्याला धुराडं नाही, मधोमध जमिनीवर चूल आणि वरती धुराने काळवंडलेली लाकडं. लडलोला जे पडून गेलंय, ते इथे छपरासकट शाबूत आहे. हिच्यावर मात्र इंग्लिश हेरिटेजचा पास चालतो. फक्त परतीचं तिकीट विशिष्ट गाडीचं असेल तर मध्ये उतरता येत नाही, म्हणून तुम्हाला थांबायचं असेल तर आधी सांगा, मी तिकीट त्या हिशेबाने काढते.

कपडे थरांचे घ्या. मे महिन्यातही सकाळी आठ-दहा अंश असतात आणि दुपारी स्वेटर हातात येतो. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळे जेवण विसरून फिरत बसाल. ते नको.

तुमची,
छोटी

ता. क. बाबांची काठी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातात असू द्या. खालचं रबर झिजलं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. तिथल्या फरसबंदीवर झिजलेलं रबर घसरतं.