वळवाआधी मोटारींच्या शेडचे पाय तपासा

महोदय,

वळवाच्या पावसात झाडे कोसळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत मोटारींसाठी उभारलेल्या सुट्या शेडकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. गेल्या मे महिन्यात कोथरूडमधील आमच्या गल्लीत लोखंडी नळ्यांची, वर ताडपत्री ताणलेली अशी एक शेड सोसाट्याच्या वाऱ्याने उचलली आणि कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या बंगल्यातील दुचाकींवर नेऊन आदळली. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर पायांच्या पट्ट्या आणि बोल्ट शाबूत होते. प्रत्येक बोल्टाला आपापला पेव्हर ब्लॉक लटकत होता.

दगडाच्या बारीक कचेवर नुसता मांडलेला चार-पाच किलोंचा ब्लॉक शेड धरून ठेवील, ही अपेक्षाच चुकीची आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १७ किलो भरतो; ३ मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब छपराला तो वरच्या दिशेने लागला, तर उचल सुमारे २८० किलोंची होते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. त्यात ऊन अडवण्यासाठी एका बाजूला हिरवी जाळी किंवा निवडणुकीचा जुना फ्लेक्स बांधला (आपल्याकडे त्यांची कधीच टंचाई नसते) की वारा आत कोंडून छपराला खालून आणखी रेटतो. अशा वेळी पायांवर ठेवलेल्या वाळूच्या चार गोण्या केवळ मनाच्या समाधानापुरत्या असतात.

मातीत ठोकलेल्या खुंट्यांचेही तसेच. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे श्रावणात घट्ट बसलेली खुंटी नेमकी वळवाच्या तोंडावर हाताने हलू लागते.

प्रत्येक पायाखाली दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरावे आणि ते ओले असतानाच खाली वाकवलेले बोल्ट त्यात रोवावेत. असा ठोकळा दोनशे किलोंहून अधिक भरतो. मात्र पायाची पट्टी आणि नळ्यांचे सांधेही तेवढेच मजबूत हवेत, नाहीतर ठोकळे जागेवर राहतील आणि शेड जाईल. जमीन आधीच काँक्रीटची असेल, तर चांगल्या जाडीच्या थरात, कडेपासून आत, अँकर फास्टनर (भोक पाडून काँक्रीटमध्ये घट्ट बसवायचे बोल्ट) बसवावेत. शेड झाडाला किंवा कुंपणाच्या भिंतीला बांधू नये. तशी भिंत बाजूने येणारी ओढ सोसण्यासाठी बांधलेली नसते.

इमारतींवरील वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात (८७५, भाग ३) पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला वरील छपराची उचल दीड टनावर जाते आणि असे चार ठोकळेही अपुरे पडतात. म्हणून हवामान खात्याने वादळी वाऱ्याचा इशारा दिला, की ताडपत्री सरळ उतरवून ठेवावी. नुसता सांगाडा वारा फारसा अडवत नाही.

सोसायट्यांच्या कार्यकारिणी शेडचा रंग आणि उंची यांवर तासन्‌तास चर्चा करतात. परवानगी देण्यापूर्वी त्यांनी शेडचे पाय कशात रोवले आहेत हे पाहावे आणि दर चैत्रात बोल्ट गंजले किंवा सैल झाले आहेत का, हे पाना लावून तपासून घ्यावे. आमच्या गल्लीतील ती शेड दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली आहे, आणि पाय अजूनही पेव्हर ब्लॉकवरच आहेत.

— एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे